नवस त्यांचा, पाय माझे

बाजारात बैल घेताना खूर बघतात, तसे मालकीणबाईंनी माझे पाय बघितले.

मी मागच्या अंगणातला संडास धुऊन नुकतीच बाहेर आले होते. हात ओले, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. त्या मागच्या दाराच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पाय दाखव."

मला कळलंच नाही. मला वाटलं, चुकून माझा पाय कुठंतरी पडला, जिथं पडायला नको होता.

"तळवा. वर कर."

मी भिंत धरली आणि एक पाय मागं उचलला. त्यांनी हात लावला नाही. पायरीवरूनच मान वाकडी करून टाचेच्या भेगा बघितल्या. दुसरा पाय वर करायला लावला. मग घरात तोंड करून सुनेला म्हणाल्या, "चालतील."

मला काहीच विचारलं नाही. काय चालतील, कुठं चालतील, ते मला दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलानं सांगितलं.

देगलूरात त्यांची धान्याची आडत. माझा नवरा त्या आडतीवर हमाल. आडतीच्या मागं पत्र्याची एक खोली होती, तिथं आम्ही दोघं आणि आमच्या दोन मुली राहायचो. मी त्यांच्या घरचं अंगण झाडायची, संडास धुवायची, कपडे धुवायची. सगळं काम उंबऱ्याच्या बाहेरचं. आम्ही मातंग. चहा मिळायचा, पण माझा गिलास वेगळा. त्याच्या बुडाला सुनेच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावलेला, म्हणजे चुकून आतल्या भांड्यांत मिसळू नये. तो ठिपका किती वर्षं रोज बघितला. रोज त्यातच चहा प्याले. आता आठवलं की घशाशी येतं.

मालकीणबाईंनी नवस बोलला होता. नातू झाला तर देगलूरहून तुळजापूरला अनवाणी चालत येईन. पहिली नात झाली तेव्हा नवसाचं कुणी नावही काढलं नाही. दुसऱ्या खेपेला मुलगा झाला. आता देणं आलं, तर मालकीणबाईंचे गुडघे धरले. डॉक्टरनं चालायचं नाही म्हणून सांगितलं. मग त्यांच्या घरी येणाऱ्या गुरुजींनी तोड काढली. तुमच्या वतीनं दुसरं कुणी चाललं तरी देवीला पोचतं.

दुसरं कुणी म्हणजे मी. ज्या हातांचं पाणी त्यांच्या माठाला चालत नव्हतं, त्या बाईचे पाय त्यांच्या देवीला चालणार होते.

नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. मान वर न करता म्हणाला, देवीचंच काम हाय, जा. नाही म्हणालीस तर खोली कुठं बघायची. तो चुकीचं बोलत नव्हता. आणि मलाही जायचं होतं, हे मी लपवत नाही. माझ्या आईच्या हातात देवीची परडी होती. जोगवा मागत तिचा जन्म गेला, पण तुळजापूर तिनं कधी बघितलं नाही. मला वाटलं, कुणाच्या का निमित्तानं होईना, आपण पोचू.

निघताना मालकीणबाईंनी आपली एक जुनी हिरवी साडी बाहेर ठेवली. चालताना हीच नेसायची म्हणाल्या. ओटी मात्र माझ्याकडं दिली नाही. खण, नारळ, नवं पातळ, सगळं त्यांनी गाडीत ठेवलं. ओटी गाडीतून येणार होती. पाय तेवढे रस्त्यानं.

कोजागिरीच्या आधीचे दिवस. सोयाबीनची मळणी चालू होती. रस्त्याच्या एका बाजूला लोकांनी सोयाबीन वाळत घातलेलं, दुसऱ्या बाजूनं ट्रक. ऊन असं की डांबराला पाय चिकटायचा. पलीकडं तेलंगणातून बायकांचा एक जथा चालत आला होता. गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळाला मळवट. मी त्यांच्या मागं मागं एकटीच चालत होते. त्यांच्यातली एक, नरसम्मा नावाची, थांबली. मागं वळून माझ्याकडं बघितलं, माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि आपल्या डोक्यावरच्या गाठोड्यावर ठेवली. तिला मराठी थोडं यायचं, मला तेलुगू तेवढंच. झाडाखाली बसले की मला म्हणायची, "कूर्चो, अक्का." बस, अक्का. मी खाली मातीत बसायला गेले की सतरंजीवर ओढायची. मी अंग चोरायची. तिला कळायचं नाही, ही बाई अशी काठावर का बसती.

उदगीरच्या अलीकडं माझ्या टाचेला फोड आला आणि फुटला. तिथं फाट्यावर पंक्चर काढणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचांचं दुकान होतं. ज्या पत्र्याच्या टबात ते ट्यूब बुडवून पंक्चर शोधायचे, तो टब त्यांनी घासून लख्ख केला होता, आणि त्यात चालणाऱ्या लोकांसाठी मीठ घातलेलं गरम पाणी. स्टुलावर बसवायचे आणि पाय धुवायचे. बाया असो, गडी असो. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, माझी मी धुते. ते म्हणाले, "बैठो माँ. पहले पाँव, बाद में बात."

त्यांनी माझा पाय हातात घेतला आणि मला ओकारी आली.

खरंच आली. मी तोंडाला पदर लावला. चाचांची किळस नव्हती ती. त्यांची बोटं ग्रीसनं काळी झालेली, पण फोडाभोवतीची माती ती इतकी सांभाळून काढत होती की माझ्या आईनंही तसं कधी केलं नसेल. तिला कुठं वेळ होता. मला किळस आली ती माझ्या आखडलेल्या पायाची. तो पाय त्यांच्या हातात ढिला पडतच नव्हता. आतून कुणीतरी ओढून धरल्यासारखा मागं मागं जात होता. माझ्या पायाला कुणी शिवलेलं सोसवत नव्हतं. ही सवय मला कुणी लावली? मी जन्मताना तर घेऊन आले नव्हते. तिथं स्टुलावर बसल्या बसल्या पहिल्यांदा मला मालकीणबाईंची पायरी आठवली आणि त्यांनी न लावलेला हात आठवला.

चाचांनी नाव विचारलं नाही. गाव विचारलं नाही. जुन्या मऊ धोतराची पट्टी बांधली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

मालकीणबाईंचा मुलगा अधूनमधून गाडी घेऊन यायचा. पाण्याची बाटली द्यायचा, म्हणजे काच खाली करून रस्त्यावर ठेवायचा. मी उचलायची. मग खाली उतरून मोबाईलवर शूटिंग करायचा. म्हणायचा, साडी थोडी वर धर, पाय दिसू दे. चाल. हळू चाल. पट्टी काढ, फोड दिसू दे. मी काढली. तोंडाकडं मोबाईल त्यानं कधीच नेला नाही. मला वाटलं, आईला दाखवायला काढत असेल, की बाई खरंच चालती, गाडीत बसत नाही.

शिरूर अनंतपाळच्या अलीकडं रस्त्याला लागून शेतातली एक वस्ती होती. बागायतदार माणसं. अंगणात सोयाबीनची रास, ट्रॅक्टर, दोन म्हशी. घरची सून रस्त्यावर येऊन चालणाऱ्या बायकांना हाताला धरून आत नेत होती. माझ्याहून लहानच असेल वयानं. आम्हाला भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी वाढली. सासू स्वतः पंगतीत फिरून आग्रह करत होती. घ्या माय, आजून अर्धी घ्या. मलाही म्हणाली, "माय."

जेवण झाल्यावर सुनेनं माझी पट्टी बघितली. लंगडताय तुम्ही, म्हणाली. बाजेवर बसवलं. वाटीत हळद घालून तेल कोमट करून आणलं, खाली बसली, माझा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि चोळायला लागली. ह्या खेपेला माझा पाय आखडला नाही. मी डोळे मिटले. मला झोप लागायची बाकी होती.

तेवढ्यात गाडी थांबल्याचा आवाज आला. त्या दिवशी गाडीत मालकीणबाई होत्या. लातूरला गुडघ्याच्या डॉक्टरकडं चालल्या होत्या, तिथून पुढं तुळजापूरला येणार होत्या. त्या खाली उतरल्या, अंगणात आल्या आणि मला बाजेवर बघितलं. माझ्याशी बोलल्याच नाहीत. त्या सुनेशी बोलल्या, आणि लई गोड आवाजात बोलल्या.

"अहो बाई, तुम्हाला माहीत न्हाई म्हणून सांगते. ती आमच्याकडं संडास धुती. मांगाची हाय."

सुनेचा हात माझ्या पायावर थांबला. मी पाय काढून घ्यायला लागले. मला वाटलं, आता ही उठंल. उठून हात धुईल. मी मनानं त्या बाजेवरून कधीच खाली उतरले होते.

ती मालकीणबाईंकडं बघून म्हणाली, "एकच पाय झालाय. दुसरा राहिलाय."

आणि तिनं माझा दुसरा पाय मांडीवर घेतला.

आवाज चढवला नाही, की मालकीणबाईंना चार शब्द सुनावले नाहीत. वाटीत बोटं बुडवली आणि चोळायला लागली. बोटं थोडी थरथरत होती. ती घाबरली होती. घाबरूनही चोळत होती. मालकीणबाई वळून गाडीत जाऊन बसल्या.

इथंच थांबले असते तर ही गोष्ट बरी दिसली असती. पण पुढंही घडलं, ते सांगायला पाहिजे. आम्ही निघालो. फाटकातून रस्त्यावर येईपर्यंत मागून पाण्याचा आवाज आला. मी वळून बघितलं. सासूनं बाज उभी केली होती आणि बादलीनं पाणी मारत होती. मघाशी मला माय म्हणणारी तीच बाई. मग तिनं माझी पत्रावळ काठीनं उचलून उकिरड्याकडं नेली. सून ओट्यावर उभी होती. माझ्याकडं बघत होती.

नरसम्मानं माझा दंड धरला आणि पुढं ओढलं. मी रस्त्याच्या कडेला गेले आणि खाल्लेलं सगळं ओकून टाकलं. भाकरी, वांगं, आग्रह, माय. सगळं.

लातूर मागं पडलं. औसा ओलांडला. रस्ता माणसांनी भरला होता. उदो उदोचा गजर, जागोजाग मांडव, केळी, चहा, खिचडी. औशाच्या पुढं एका मांडवात एक कॉलेजची मुलगी चालणाऱ्यांना पाणी देत होती. माझ्या साडीकडं बघितलं, मग पायाकडं, मग पुन्हा साडीकडं. मला बाजूला घेतलं आणि मोबाईल पुढं केला. मावशी, हे पाय तुमचेच ना?

माझेच होते. तीच हिरवी साडी, तोच फुटलेला फोड, पायाच्या करंगळीजवळची तीच जुनी जखम, कोळशावर पाय पडून झालेली. खाली लिहिलं होतं, ते तिनं वाचून दाखवलं. आमच्या आईनं नातवासाठी केलेली अनवाणी पदयात्रा. वर मालकीणबाईंचा फोटो, चष्मा लावलेला, हसरा. आणि खाली लोकांनी हात जोडलेले. कुणी लिहिलं होतं, ह्या चरणांना दंडवत. कुणी लिहिलं होतं, ह्या पायांची धूळ कपाळाला लावावी.

मुलगी विचारत होती, मावशी, काय झालं? ज्या पायांना लोक दंडवत घालत होते, त्याच पायांनी मी त्यांच्यापैकी कुणाच्या घरात गेले असते तर त्यांनी बाज धुतली असती. पायाला नमस्कार, पण तोंड दिसता कामा नये. इतकी शिसारी मला संडास धुताना कधी आली नव्हती. त्या घाणीला निदान नाव तरी खरं असतं.

तुळजापूरच्या वेशीवर गाडी उभी होती. मालकीणबाई माझ्यासारखीच हिरवी साडी नेसून बसल्या होत्या. तेव्हा मला कळलं, जुनी साडी मला का दिली. त्यांनी चपला गाडीत काढल्या, खाली उतरल्या आणि रस्त्याकडेची माती पायाला चोळली. पावडर लावावी तशी, घोट्यापर्यंत, नीट. मग मुलाच्या खांद्यावर हात ठेवून लॉजपर्यंत चालत गेल्या. त्यांची लातूरची लेक, जावई, व्याही, सगळे लॉजच्या अंगणात थांबले होते. एकेकानं वाकून त्यांच्या पाया पडायला सुरुवात केली. मी भिंतीला टेकून उभी. नरसम्माचा जथा बाहेर रस्त्यावर माझ्यासाठी थांबला होता.

मग गाडीतून आलेल्या गुरुजींनी मला लॉजच्या मागच्या बाजूला बोलावलं, पाहुणे पुढं अंगणातच होते. पाट मांडला होता. मालकीणबाई पाटावर, मी समोर जमिनीवर. गुरुजी म्हणाले, हातावर पाणी घ्यायचं, आणि माझ्या चालण्याचं जे काही पुण्य असंल ते मी यांना दिलं, असं म्हणून पाणी ताम्हणात सोडायचं. म्हणजे नवस फिटला. त्यांनी उंचावरून माझ्या ओंजळीत पळीनं पाणी सोडलं. पळी हाताला लागू नये म्हणून हात चांगला वर धरला होता. मुलानं मोबाईल खिशात घातला. हे त्याला काढायचं नव्हतं.

"म्हण," गुरुजी म्हणाले.

ओंजळीत पाणी. त्यात तुळशीचं एक पान. समोर ताम्हण. फक्त बोटं सैल करायची होती. आयुष्यभर तेच केलं होतं. माझ्या आईनं केलं, तिच्या आईनं केलं. आमची माणसं जन्मभर पाणी सोडत आली. जमिनीवर, पाणवठ्यावर, पोरांच्या शाळेवर, स्वतःच्या अंगावर. आता पायांवर राहिलं होतं. देवीला काय पोचलं असतं काय नाही, मला ठाऊक नाही. पण ते चालणं माझं होतं. त्या वाटेवर चाचांनी धुतलेले पाय माझे होते. त्या सुनेनं थरथरत्या बोटांनी मांडीवर घेतलेला दुसरा पाय, तो मालकीणबाईंचा नव्हता.

मी ओंजळ तोंडाला लावली आणि ते पाणी पिऊन टाकलं.

घोट घशाखाली उतरेपर्यंत कुणाला कळलंच नाही काय झालं. गुरुजींची पळी हातातच राहिली. मग मालकीणबाई म्हणाल्या, "ए, काय केलंस हे?"

मी म्हणाले, "न्हाई सोडत."

त्यांनी एकदा गोड आवाजात समजावलं. मग खोलीचं सांगितलं. मग नवऱ्याच्या कामाचं. मग माझ्या जातीवर आल्या आणि आईवर आल्या. आवाज ऐकून पाहुणे मागं आले, जावई पुढं झाला. मी उठून उभी राहिले. पाहुण्यांकडं बघून एवढंच म्हणाले, "देगलूरपासून मी चालले. ह्यांचे पाय धुऊन बघा. एक फोड निघतो का."

कुणी धुतले नाहीत. पण सगळ्यांची नजर खाली गेली. मालकीणबाईंनी पाय साडीत ओढून घेतले.

लोक विचारतात, दर्शन घेतलं का. घेतलं. नरसम्माच्या बायकांबरोबर रांगेत उभी राहिले आणि देवीसमोर गेले. हात जोडले, काही मागितलं नाही. कुणासाठी काही मागण्याचाच वीट आला होता.

एसटीनं परत आले. हिरवी साडी धुऊन, घडी करून त्यांच्या मागच्या पायरीवर ठेवली. खोली तोवर रिकामी करून ठेवली होती. आमची भांडी, गोधड्या, पोरींची दप्तरं बाहेर उन्हात. नवऱ्याचं आडतीवरचं काम गेलं. तो माझ्याशी कितीतरी दिवस बोलला नाही. नंतर बोलला तेव्हा म्हणाला, जाऊन पाय धर, लोक विसरतात. मी म्हणाले, मी विसरत नाही. आम्ही वस्तीत नणंदेच्या घरी राहायला गेलो. तो मिळंल तिथं हमाली करतो. मी शेतात मजुरीला जाते. ओढाताण आहे. नाही असं सांगणार नाही.

त्या वाटेवरच्या माणसांनी माझ्यावर दया केली, असं मी म्हणत नाही. दया हा शब्दच मला आता नासल्यासारखा लागतो. दया मालकीणबाईही करायच्या. शिळी पोळी द्यायच्या, जुनी साडी द्यायच्या. चाचांनी जे केलं ते वेगळं होतं, त्याला नाव द्यायला मला येत नाही. पण ते एकदा अंगाला लागलं, आणि मग लाल ठिपक्याच्या गिलासातला चहा घशाखाली उतरेना.

मागच्या महिन्यात आडतीवरचे मुनीम वस्तीत आले. दारातच उभे राहिले. मी बसा म्हणाले, बसले नाहीत. पाणी विचारलं, तहान नाही म्हणाले. मालकीणबाईंनी सगळं पोटात घातलंय म्हणे. नातू आता रांगायला लागला, त्याच्या मागं पळायला कुणीतरी पाहिजे. तुमची थोरली पोरगी पाठवा. शाळा काय, चार दिवस गेली काय, न गेली काय. मोठ्या घरात राहील, वळण लागंल. तुमच्या नवऱ्यालाही परत आडतीवर घेतील.

नवरा माझ्याकडं बघायला लागला. थोरली आतून ऐकत होती. हातात भाकरीचं पीठ तसंच, उठून दारापर्यंत आली होती. मी तिला माझ्या शेजारी उभी केली, मुनीमांना ती नीट दिसावी म्हणून. आणि सांगितलं.

"पोरगी येणार न्हाई. धाकटीबी येणार न्हाई. उपाशी राहिलो तरी न्हाई. तसंच जाऊन सांगा, आणि परत ह्या दारात असलं विचारायला येऊ नका."